जुन्या गेमचा रिमेक करताय? आधी वही उघडा, मग लॅपटॉप

आंगणेवाडीच्या जत्रेत आम्हाला टीव्ही गेमची पिवळी कॅसेट मिळायची. वर ठळक छापलेलं असायचं, ‘९९९९ इन १’. घरी येऊन लावली की वीसेक गेम निघायचे आणि पुढे तेच पुन्हा, फक्त हिरोच्या शर्टाचा रंग बदललेला. तरी मे महिन्यात ती कॅसेट एकदा टीव्हीला लागली की अढीतल्या आंब्यांकडेही कोणी फिरकायचं नाही.

त्या वेळची पोरं आता स्वतः गेम बनवायला शिकलीत, आणि पहिला गेम कुठला बनवतात? त्याच कॅसेटमधला. मीही तेच केलं. मी कुडाळात कॉम्प्युटर क्लास चालवतो, वकील नाही. दोन मित्रांना घेऊन चौदा महिने खपून एका जुन्या जपानी गेमचा रिमेक केला. नाव काय ठेवावं? मूळ नावापुढे ‘कोकण’ जोडलं, झालं. गणपतीला चाकरमानी येतात, त्यांना दाखवता येईल म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका साइटवर टाकला. मला जरा धाकधूक होती, तर मित्र म्हणाला, “कंपनी थय जपानात, आमी हय कुडाळात. आमका कोण इचारतलो?”

नवव्या दिवशी विचारलं. लाइट गेली होती, मेल मोबाइलवर वाचला. गेम उतरवलेला, खात्यावर ठपका, आणि पुन्हा असं झालं तर खातं बंद. पुढे काय काय वाचलं, कोणाला विचारलं, काय बदललं, ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो.

वहीतल्या सात ओळी

‘गेमचा कॉपीराइट’ अशी एक वस्तू नसते. एका गेममध्ये अनेक गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा हक्क वेगळा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कोड हा चक्क साहित्यकृती म्हणून मोडतो, कादंबरीच्या शेजारी. चित्रं ही कलाकृती. गाण्याची चाल एक आणि तिचं रेकॉर्डिंग दुसरं. नाव आणि लोगो यांना १९९९ चा ट्रेडमार्क कायदा लागतो. मूळ गेम परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय करारांमुळे त्याला इथे आपल्या गेमइतकंच संरक्षण मिळतं, त्यामुळे ‘थय जपानात’ हा मुद्दा पहिल्याच पानावर बाद.

म्हणून साधी दोनशे पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: वस्तू, कुठून आली, मालक कोण, कागद आहे का. माझ्या गेमची वही मी मेल आल्यानंतर भरली. ती अशी होती:

हिरो आणि शत्रूंची चित्रं: मूळ गेममधून काढली. कंपनीची. कागद नाही.
उडीचा, नाण्याचा आवाज: तसाच.
लेव्हलचे नकाशे: टीव्हीवर बघून चौकटीच्या कागदावर मोजून उतरवले. मेहनत आमची, मांडणी कंपनीची.
पार्श्वसंगीत: मित्राने कीबोर्डवर वाजवलं. रेकॉर्डिंग आमचं, चाल कंपनीची.
कोड: पहिल्या ओळीपासून आमचा.
पळायचं, उडी मारायची, वरून पडून शत्रू चिरडायचा: नियम. कोणाचेच नाहीत.
नाव: कंपनीचं, पुढे आमचं शेपूट.

सातपैकी दोनच ओळी निर्धोक. चौदा महिन्यांत ही वही भरायला एक संध्याकाळ लागली असती.

संगीताच्या ओळीवर बरेच जण अडखळतात. ‘मी स्वतः वाजवलंय’ म्हणजे फक्त रेकॉर्डिंग तुमचं झालं. चाल ज्याने बांधली त्याचा हक्क तुमच्या बोटांखालून निघून जात नाही. चित्रांचंही तसंच: जुनं ठोकळेबाज चित्र समोर ठेवून नव्याने स्वच्छ काढलं तरी ती मूळ चित्राचीच आवृत्ती. आणि एखाद्या एआय टूलला ‘त्या अमुक हिरोसारखा काढ’ सांगून चित्र घेतलंत, तर त्या हिरोशी असलेलं साम्य काही धुऊन निघत नाही.

नियम मात्र खरंच मोकळे असतात, आणि हे आपल्याकडे दशावताराइतकं सोपं करून कोणी सांगू शकणार नाही. हरिश्चंद्राचं आख्यान कुठल्याही मंडळाने लावावं. संकासुर सगळ्यांच्याच रंगमंचावर येतो. पण एखाद्या मंडळाने खास लिहून घेतलेली ट्रिकसीनची संहिता, त्यातले संवाद, रेकॉर्ड केलेली पदं उचलून दुसऱ्या मंडळाने प्रयोग लावला तर भांडण होणारच. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हाच भेद सांगितला: कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर कॉपीराइट नाही, ती ज्या रूपात मांडली त्यावर आहे.

नाव सगळ्यात आधी बदला

दुसरं काही करायचा कंटाळा असेल तरी एवढं करा. कॉपीराइटमध्ये कुठे साम्य आहे, किती आहे, यावर वाद घालता येतो. नाव मात्र शोधखान्यात टाइप केलं की सापडतं, कंपनीला तुमचा गेम उघडूनही बघावा लागत नाही.

इथल्या माणसाला ट्रेडमार्क समजवायला पुस्तक नको. बाहेरचा आंबा ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीत भरला की देवगडचा बागायतदार का चिडतो? हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन हा कायदा वेगळा, पण दुखणं तेच. गिऱ्हाईक पेटीवरचं नाव वाचून पैसे टाकतं. आंबा गोड होता हा बचाव तिथे चालत नाही, आणि तुमचा रिमेक मूळ गेमपेक्षा सरस आहे हा बचावही चालत नाही.

आपल्या देशातलं यावरचं सगळ्यात बोलकं प्रकरण स्क्रॅब्युलसचं आहे. कोलकात्याच्या दोन भावांनी स्क्रॅबलसारखा शब्दांचा खेळ ऑनलाइन आणला, तो फेसबुकवर तुफान चालला. स्क्रॅबलवाली मॅटेल कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. सप्टेंबर २००८ मधल्या अंतरिम आदेशात कोर्टाने पटाच्या मांडणीवरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण नावावर मात्र मनाई केली: ‘स्क्रॅब्युलस’ हे ‘स्क्रॅबल’ला फार जवळचं. खेळ पुढे ‘लेक्स्युलस’ नावाने चालू राहिला. म्हणजे खेळ वाचला, नाव गेलं.

तेव्हा कामाला लागा. भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. वर्ग ९ मध्ये सॉफ्टवेअर, २८ मध्ये खेळणी आणि खेळ, ४१ मध्ये करमणूक. तिन्ही वर्गांत मूळ नाव, त्याचे तुकडे आणि उच्चाराला जवळचे शब्द टाकून बघा. ‘जुनं नाव आहे, संपलं असेल’ असं धरू नका. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ जिवंत ठेवता येतो. नावाला ‘रिमेक’, ‘एचडी’, ‘फॅन एडिशन’ किंवा ‘कोकण’ जोडून काही साधत नाही. आणि सुरुवातीच्या पडद्यावर कंपनीचा लोगो, गोलातल्या ‘आर’सकट (®, नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण), लावायची हौस असेल तर आवरा. तो लावल्यावर खाली बारीक अक्षरात ‘आमचा कंपनीशी संबंध नाही’ लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाची पाटी लावून दारात ‘हे त्यांचं दुकान नव्हे’ अशी चिठ्ठी चिकटवणं.

वर्णनात ‘अमुक गेम खेळून वाढलेल्यांसाठी’ असं प्रामाणिक वाक्य टाकणं वेगळं. तेवढ्यावर सहसा कोणी उठत नाही. शीर्षकात, आयकॉनवर आणि शोधशब्दांत मात्र मूळ नाव नको.

दोन चित्रं शेजारी ठेवा

नाव बदललं, चित्रं नवी काढली. आता बघायचं की रूप किती जवळचं उरलंय. स्क्रॅब्युलसवरून कोणी ‘पट मोकळा आहे’ असा सरसकट अर्थ काढला तर २०१२ चा अमेरिकेतला टेट्रिसचा निकाल वाचावा. एक्सिओ नावाच्या छोट्या कंपनीने ‘मिनो’ हा टेट्रिससारखा गेम काढला. त्यांचं म्हणणं, आम्ही कायदा अभ्यासून फक्त नियम घेतले. न्यू जर्सीच्या कोर्टाने मान्य केलं की नियम कोणाचेच नाहीत. पण ठोकळ्यांचं रूप, रंगवण्याची पद्धत, दहा बाय वीसचा पट, ठोकळा कुठे पडणार ते दाखवणारी सावली हे सगळं एकत्र घेतलं तेव्हा ती नक्कल झाली. दुसऱ्या कुठल्या रूपातही तेच नियम मांडता आले असते, असं कोर्टाचं म्हणणं.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. तुमच्या गेमचा एक स्क्रीनशॉट आणि मूळचा एक, दोन्ही फोटो दुकानात छापून घ्या, आणि गेममधलं काही कळत नाही अशा माणसाला दाखवा. मी आईला दाखवले. ती म्हणाली, “एकाच गेमचे दोन फोटो कित्याक काढलंस?” त्या दिवशी हिरो बदलला. टोपीवाल्याच्या जागी माडावर चढून नारळ पाडणारा गडी आला, कमरेला कोयता. शत्रू झाले कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि एक चिडका बोका. नाण्यांच्या जागी शहाळी. नकाशे पुसून पुन्हा आखले, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा आखलेले जास्त बरे झाले, कारण पहिल्यांदा आम्ही फक्त मोजत होतो.

कट्ट्यावरचे चार समज

‘गेम जुना आहे.’ भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. १९८५ च्या गेमचा लेखक आज हयात असेल तर ती ६० वर्षं मोजायला सुरुवातही झालेली नाही. अमेरिकेत कंपनीसाठी केलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं. १९८५ चा गेम तिथे २०८० संपेपर्यंत बांधलेला. ‘अबँडनवेअर’ (मालकाने वाऱ्यावर सोडलेला गेम) हा चाहत्यांचा शब्द आहे, कायद्यातला नाही. कंपनी बुडाली तरी हक्क बुडत नाहीत, कोणीतरी ते विकत घेतलेले असतात.

‘मी फुकट देतोय.’ नुकसानभरपाईचा आकडा ठरताना याने फरक पडू शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर विशेष कारणं नोंदवून कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. पण उल्लंघन उल्लंघनच राहतं. यात २०२२ साली सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. चाहत्याच्या दारात लगेच पोलीस येतात असं नव्हे, पहिला फटका प्लॅटफॉर्मच्या मेलचाच असतो. पण यूपीआयचा क्यूआर लावून ‘चहापाण्याला’ पैसे मागितलेत की फुकटचा मुद्दाही हातचा गेला.

‘श्रेय दिलंय.’ आभार मानणं ही सभ्यता झाली, परवानगी झाली नाही.

‘इतके जण करतात, कंपनी काही बोलत नाही.’ सेगा या जपानी गेम कंपनीचंच बघा. २०११ मध्ये ‘स्ट्रीट्स ऑफ रेज रिमेक’ हा आठ वर्षं खपून केलेला गेम बाहेर आला आणि काही दिवसांत सेगाच्या सांगण्यावरून काढावा लागला. त्याच सेगाने पुढे चाहत्यांमधूनच वर आलेल्या लोकांना घेऊन २०१७ मध्ये ‘सॉनिक मेनिया’ काढला. कंपनी कधी डोळेझाक करेल, कधी नोकरी देईल, कधी नोटीस, हे तिच्या मर्जीवर. निन्टेन्डोच्या बाबतीत तर ऑगस्ट २०१६ विसरू नये. ‘एएम२आर’ हा ‘मेट्रॉइड २’चा रिमेक अर्जेंटिनाच्या एका माणसाने जवळपास दहा वर्षं रात्री जागून केला, मेट्रॉइडच्या तिसाव्या वाढदिवशी सोडला, आणि दोन-चार दिवसांत लिंका उतरल्या. २०१७ मध्ये निन्टेन्डोने त्याच गेमचा स्वतःचा रिमेक बाजारात आणला. तुमचा रिमेक जितका चांगला, तितका तो कंपनीच्या पुढच्या मालाच्या आड येतो.

तीन वाटा

पहिली वाट इंजिनची. तुम्ही फक्त कोड लिहायचा. चित्रं, आवाज, नकाशे खेळणाऱ्याने स्वतःच्या विकत घेतलेल्या मूळ गेममधून आणायचे. ‘ओपनटीटीडी’ २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा मूळ ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’च्या फायली लागायच्या. चाहत्यांनी हळूहळू स्वतःची चित्रं, आवाज आणि संगीत तयार केलं, आणि २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ फायलींशिवायही गेम चालू लागला. मात्र इंजिन स्वतः लिहिलेलं हवं. मूळ प्रोग्राम उलगडून त्याचाच कोड पुन्हा उभा केलात तर गोष्ट वेगळी: जुन्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) गेमांचा असा कोड मांडणाऱ्या ‘आरई३’ प्रकल्पावर २०२१ मध्ये मालक कंपनी टेक-टूने आधी नोटीस आणि मग खटला लावला.

‘सोर्स कोड तर नेटवर खुला आहे’ म्हणणाऱ्यांनी सोबतची परवान्याची फाइल वाचावी. ‘डूम’चा कोड १९९७ मध्ये खुला झाला, पण त्यातले राक्षस आणि नकाशे नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ कोड त्याच्या लेखकाने २०१२ मध्ये जुन्या फ्लॉप्यांवरून काढून प्रसिद्ध केला, आणि शेजारीच स्पष्ट लिहिलं की प्रिन्स ऑफ पर्शियाचे गेम काढायचा हक्क युबिसॉफ्टचाच.

दुसरी वाट परवानगीची, आणि ती वाटते तितकी हास्यास्पद नाही. ‘हाफ-लाइफ’चा चाहत्यांनी केलेला रिमेक ‘ब्लॅक मेसा’ व्हॉल्व्हच्या संमतीने २०२० मध्ये पूर्ण होऊन रीतसर विकला गेला. नावात ‘हाफ-लाइफ’ नाही हे लक्षात घ्या. पत्र छोटं लिहा: कोण आहात, मूळ गेममधलं नेमकं काय वापरणार, काय वापरणार नाही, पैसे घेणार की नाही, कुठे ठेवणार. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजा. आणि हो आलं तर लेखी, मुदतीसकट घ्या. ‘किंग्ज क्वेस्ट’च्या चाहत्यांना २००५ मध्ये व्हिव्हेंडीने थांबवलं, मग नाव बदलण्याच्या अटीवर परवानगी दिली; हक्क अॅक्टिव्हिजनकडे गेल्यावर २०१० मध्ये पुन्हा थांबवलं, पुन्हा सोडलं. मालक बदलला की कुळाला नव्याने जाऊन उभं राहावं लागतं, हे कोकणात कोणाला सांगायचं!

तिसरी वाट स्वतःच्या गेमची. आम्ही हीच घेतली. ‘फ्रीडम प्लॅनेट’ची सुरुवात सॉनिकचा चाहतागेम म्हणून झाली होती, पात्रं बदलली आणि २०१४ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून विकला गेला. जुनाच खेळ हवा असेल तर सावंतवाडी जवळ आहे. दशावतारी गंजिफा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, १२० पानं. शतकांपूर्वीचा खेळ, नियमांवर कोणाचा हक्क नाही, आणि आजच्या पोरांनी तो खेळलेला नाही. पण हयात कलाकाराने रंगवलेला संच आणून स्कॅन करू नका. त्या पानांवरची चित्रं त्याची आहेत. त्याला भेटा, पैसे ठरवा, लिहून घ्या.

मित्रांशीही कागद

लिहून घ्या म्हटलं की मैत्रीत खडा पडतो असं वाटतं. आमच्या नव्या गेमला कणकवलीच्या एका मित्राने पखवाज आणि झांज वाजवून दिली, चहा-भजीवर. पण हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनेच होतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम जगभर डाउनलोड होणार आणि तुमच्याकडे हक्क भारतापुरता, तोही पाच वर्षांचा! एक पान पुरतं: काय दिलं, कायमचं की किती वर्षं, कुठे कुठे, किती मोबदला, दोघांच्या सह्या.

मेल आलाच तर

पहिल्या तासात फेसबुकवर कंपनीला शिव्या घालू नका. मेल, तारीख, साइटवरचं गेमचं पान, डाउनलोडचा आकडा यांचे स्क्रीनशॉट घ्या. मेल खरा आहे का बघा, कारण खोट्या नोटिसाही फिरतात. मेलमधल्या लिंकवर न जाता स्वतःच्या खात्यात जाऊन तपासा. मग वही उघडा. ज्या ओळीसमोर कागद नाही ती वस्तू नोटिशीत असेल तर गेम काढा, सगळीकडून, मित्राच्या ड्राइव्हवरूनही. कंपनीने थेट लिहिलं असेल तर ‘काढला आहे’ एवढं एका ओळीत कळवा. कबुलीजबाब लिहू नका, वादही नको.

अमेरिकन साइटवर ‘प्रतिनोटीस’चं बटण दिसेल. ते रागात दाबायचं नाही. त्यात तुम्ही शपथेवर सांगता की काढणं चुकीचं होतं, आणि परदेशी असाल तर तिथल्या कोर्टाचा अधिकारही मान्य करता. सगळ्या ओळी तुमच्या असतील तरच, आणि वकिलाला दाखवून. भारतीय नियमांत तक्रार आली की मध्यस्थ साइटने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो; २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती तो पुन्हा दाखवू शकते. खटलाच आला तर कुठे जावं लागेल? मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ पासून कोल्हापुरात आलंय, आपला सिंधुदुर्ग जिल्हा तिकडे जोडलाय, पण कॉपीराइटचा वादी स्वतःच्या धंद्याच्या गावीही दावा लावू शकतो. बॅग दिल्लीची भरायला लागू शकते.

आणि तो चौदा महिन्यांचा जुना गेम? फाइल अजून हार्ड डिस्कवर आहे. कायद्यात एक खिडकी सापडली होती: स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून प्रोग्रामची नक्कल किंवा रूपांतर स्वतःपुरतं, पैशाविना करता येतं. मी खूश होऊन भाच्याला सांगितलं. तो कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी बघत होता. “मामा, ९९९९ इन १,” तो म्हणाला, “ही कायदेशीर?” त्याच रात्री मूळ गेम अधिकृत दुकानातून विकत घेतला. पावती वहीत चिकटवलीय, ‘कागद आहे का’ या रकान्यात.